डोंगर कोणत्या साली जळाला?

आमच्या घरात एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे : दुष्काळात डोंगर जळाला. त्यापुढचे वाक्यही ठरलेले असे : धनगरानं लावला. पहिले वाक्य आजी म्हणायची, दुसरे आबा म्हणायचे आणि माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, ते अशा वेळी उठून बाहेर जायचे. त्यांचे ते उठून जाणे मला लक्षात यायला बरीच वर्षे लागली. इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. पानिपत, परिषदा, तह, सनावळ्या. पण आपल्याच घरच्या वाक्याला सन विचारावा, हे काही सुचले नाही. सेवानिवृत्तीनंतर गावी येणेजाणे वाढले तेव्हा तो प्रश्न पहिल्यांदा पडला. डोंगर नेमका कोणत्या साली जळाला?

प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. त्या वणव्यानंतर एका धनगराच्या वाड्याला आमच्या शिवारातून रातोरात उठवले गेले आणि पुढे कित्येक वर्षे ती मंडळी आमच्या बाजूला फिरकली नाहीत. आरोप आमच्या घराने केला होता. म्हणून साल शोधायचे तर ते नुसते कुतूहल म्हणून नव्हे, हे मला सुरुवातीपासून माहीत होते.

आधी जागा सांगतो. बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गाने मांजरसुंब्याचा घाट चढून वर आले की बालाघाटाचे पठार लागते. चौसाळा त्याच रस्त्यावर, बीड आणि धाराशिवच्या दरम्यानचे गाव. बाजारपेठ जुनी. २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत विधानसभेचा एक मतदारसंघच या गावाच्या नावाने ओळखला जाई. आता ती ओळखही गेली. दक्षिणेला मांजरा. या नदीचा उगम आमच्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात होतो आणि पुढे बरेच अंतर ती बीड-धाराशिवची हद्द बनून वाहते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. जिल्ह्याचा सरासरी पाऊस ६६६ मिलिमीटरच्या आसपास सांगतात. पण सरासरी ही आमच्याकडे फक्त कागदावर पडते. एका साली तिच्या दीडपट, दुसऱ्या साली निम्मी. डोंगर म्हणावे तर उंच नाहीत, जंगल म्हणावे तर झाडी नाही. मुरूम, काळा कातळ, त्यावर वीतभर माती आणि मातीवर गवत. मध्येमध्ये पळस, धावडा, बोर, हिवर, सीताफळाची झुडपे. बीडच्या सीताफळाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ते पोरांनी डोंगरावर फुकट खाण्याचे फळ होते. देशाच्या वनधोरणाने १९५२ पासून एकतृतीयांश भूमीवर वन असावे असे सांगितले आहे. आमच्या जिल्ह्यात ते तीन टक्केही भरत नाही. तेव्हा ‘वणवा’ म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे कॅलिफोर्नियातले किंवा उत्तराखंडातले पेटलेले पाइन वृक्ष येत असतील तर ते चित्र बाजूला ठेवावे. इथे जळते ते गवत. गुडघ्याएवढे, क्वचित कमरेएवढे. पण फेब्रुवारीच्या वाऱ्यावर गवताचा जाळ माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने येतो, आणि डोंगराच्या पायथ्याला खळी असतात, कडब्याच्या गंजी असतात, गोठे असतात.

* * *

दुष्काळात डोंगर जळाला, या वाक्यातला दुष्काळ म्हणजे बहात्तरचा, यात शंका नव्हती. मराठवाड्यात अजूनही दुष्काळ म्हटला की तोच, बाकीचे त्याचे धाकटे भाऊ. जुनी माणसे म्हणतात, बहात्तरला पाणी होतं पण खायला नव्हतं. आता खायला आहे पण प्यायला नाही. १९७० पासून पावसाने हात आखडता घेतला होता, १९७१ वाईट गेले आणि १९७२ ला त्याने पुरती पाठ फिरवली. खडी फोडण्याची, पाझर तलावांची, नाला बंडिंगची कामे निघाली. सुकडी आली, अमेरिकेतून लाल मिलो ज्वारी आली. ती ज्वारी खाऊन पोटे दुखल्याच्या गोष्टी आमच्या पिढीने अंगाईसारख्या ऐकल्या. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर पसरली आणि पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे. पण ‘दुष्काळ’ हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एक साल नसतो, तो एक पट्टा असतो. त्यात बैल विकण्याचा दिवसही येतो आणि नवे बैल आणण्याचाही. आजीला साल विचारले तर ती म्हणायची, “दुष्काळाच्या टायमाला की रं बाबा. तू लहान व्हतास.”

माझ्या हाती तीन पुरावे होते. पहिला, धाकट्या बहिणीचा. ती सुकडीच्या दिवसांत जन्मली आणि वणव्याच्या रात्री ती ‘धरून उभी राहत होती’, हे आजीचे ठाम म्हणणे. बहिणीची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. मराठवाड्यातल्या माझ्या पिढीतील निम्मी माणसे १ जूनला जन्मलेली आहेत, कारण गुरुजींनी तशी लिहिली. त्यामुळे हा पुरावा तिथेच बाद.

दुसरा पुरावा आजीच्याच बोलण्यात दडलेला होता, आणि तो मी चाळीस वर्षे ऐकूनही ऐकला नव्हता. वणव्याची गोष्ट सांगताना ती दर वेळी म्हणायची की जाळ खाली उतरला तेव्हा खळ्यावर कणसांचा ढीग होता आणि तो वाचवायला बायका आधी धावल्या, डोंगराकडे कोणी पाहिले नाही. कणसांचा ढीग! रब्बीची ज्वारी आमच्याकडे भाद्रपद-आश्विनात पेरायची आणि माघ-फाल्गुनात काढायची. १९७२ चा पाऊसच झाला नाही, तर १९७३ च्या फेब्रुवारीत खळ्यावर कणसे कुठली? त्या वर्षी खळे सारवलेसुद्धा नसेल.

तिसरा पुरावा कागदाचा. आबांच्या ट्रंकेत सोसायटीचे एक पासबुक सापडले. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण बैलजोडीसाठी काढलेल्या कर्जाची नोंद शाबूत आणि तिचे साल १९७३, महिना नोव्हेंबर. जुनी जोडी दुष्काळात बाजारात मातीमोल विकली होती हे घरात सर्वश्रुत होते. आणि वणव्यात जळालेली कडब्याची गंज ‘नव्या बैलांची’ होती, हेही तितकेच सर्वश्रुत. म्हणजे वणवा बैल आल्यानंतरचा. १९७३ चा पावसाळा चांगला झाला, दुष्काळी कामे हळूहळू बंद झाली, रब्बी पिकली आणि १९७४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर जळाला.

डोंगर दुष्काळात जळालाच नव्हता. तो दुष्काळ संपल्यावर जळाला होता.

* * *

थोडा विचार केला तर यात नवल काही नाही, आणि तरीही हा निष्कर्ष आपल्या मनात सहजी उतरत नाही. कोरडे साल म्हणजे आगीचे साल, असे समीकरण आपण गृहीत धरून चालतो. दाट जंगलाच्या बाबतीत ते खरेही आहे. तिथे जळण कायम पडलेलेच असते, फक्त ते ओले असते. दोन-तीन वर्षांचा अवर्षणाचा फेरा ते वाळवतो आणि मग ठिणगी पुरते. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात २०१९-२० च्या उन्हाळ्यात जे झाले ते असे. पण गवताळ, निमकोरड्या मुलखाचा हिशेब उलटा असतो. तिथे वाळवण्यासाठी अवर्षण लागत नाही, दर उन्हाळा ते काम चोख करतोच. तिथे कमतरता असते ती जळणाची. आणि जळण पाऊस देतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण त्याच ऑस्ट्रेलियातले आहे आणि योगायोगाने ते आमच्या डोंगराच्या वणव्याच्या आगेमागेच घडले. १९७३-७४ मध्ये त्या खंडाच्या वाळवंटी मध्यभागात विक्रमी पाऊस झाला. जिथे एरवी काही उगवत नाही तिथे गवत माजले. पुढच्या, म्हणजे १९७४-७५ च्या मोसमात सुमारे ११ कोटी ७० लाख हेक्टर जमीन जळाली, जवळजवळ खंडाचा सातवा हिस्सा. महाराष्ट्राचे एकूण क्षेत्रफळ ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे, म्हणजे साडेतीन महाराष्ट्रांहून अधिक. माणसे फारशी राहत नव्हती म्हणून त्या आगीची बातमीही धड झाली नाही.

आमच्याकडे पावसासोबत आणखी एक गोष्ट घडली, जी ऑस्ट्रेलियात घडली नव्हती. दुष्काळाने जनावरे नेली होती. काही मेली, बरीच कसायाला गेली, उरलेली चाऱ्याच्या आशेने सासरच्या, माहेरच्या गावी पाठवली गेली. बहात्तरच्या आधी आमच्या वस्तीवर बैल, गाई, वासरे, शेरडे मिळून गोठा भरलेला असे. त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात बैलाच्या दोन नव्या दावणींखेरीज काही नव्हते. साऱ्या गावाची हीच गत. डोंगरावर गवत आले, ते खायला तोंडे नव्हती. इतर वर्षी माघापर्यंत डोंगर चरून, कापून बोडका झालेला असायचा. त्या साली तो केसाळ राहिला. कापणारी माणसे होती, पण कापायचे कुणासाठी? आजीच्या शब्दांत, “डोंगर असा पिवळाधमक, जसा काय मढवलेला.” ही सोन्याची उपमा तिने एकदाच वापरली आणि लगेच तोंड फिरवले.

त्या गवतात कुसळी किती होती हेही महत्त्वाचे. पवन्या, मारवेल ही गवते जनावर आवडीने खाते. कुसळी कोवळी असेपर्यंत खाते, पण तिला काळी टोकदार कुसळे फुटली की तोंड लावत नाही. हे कुसळ म्हणजे निसर्गाचे एक अवजारच. कोरड्या हवेत ते पिळते, दमट हवेत उलगडते आणि असे फिरत फिरत बी मातीत रुतवते. वरून जाळ गेला तरी मातीतले बी सुखरूप राहते, बुडखा पुन्हा फुटतो. म्हणून जो डोंगर वारंवार जळतो त्यावर हळूहळू कुसळीचे राज्य होते, आणि कुसळीचा डोंगर पुन्हा जळायला सोपा. मेंढपाळांचे तर या गवताशी वैरच. कुसळ लोकरीतून कातडीत शिरते, मेंढरू खंगते. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज आहे.

* * *

वणव्यासाठी मेंढपाळ, गुराखी आणि आदिवासी यांना जबाबदार धरण्याची सवय मात्र आमच्या आबांची शोध नव्हती. ती सरकारी आहे, आणि निदान दीडशे वर्षांची आहे. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. त्याच दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आग पूर्णपणे रोखण्याचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरल्याचे पाहून इतर प्रांतांत त्याचे अनुकरण सुरू झाले. १८७८ च्या वनकायद्याने आग लावणे गुन्हा ठरवला. १९२७ च्या कायद्यातही तो कायम राहिला आणि तोच कायदा आजही आहे. गुन्हा ठरला की गुन्हेगार लागतो. डोंगरात फिरणारा, जमीन नावावर नसलेला, उद्या दुसऱ्या गावी जाणारा माणूस यासाठी सर्वांत सोयीचा.

जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ साली, या नव्या जंगलखात्याने गावाची चराऊ राने गिळल्याची तक्रार केलेली आहे. ती वाचताना लक्षात येते की गवत हा आपल्या इतिहासातला फार मोठा विषय आहे आणि इतिहासकारांनी तो गवतासारखाच पायाखाली तुडवला आहे. पुढे खुद्द वनाधिकाऱ्यांतच वाद झाले. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात आग पूर्ण थोपवल्याने पाचोळा साचतो आणि सागाचे बी रुजत नाही, असे अनुभवाला आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत तिथल्या काही जंगलांत हा आग्रह सोडावा लागला. हंगामाच्या सुरुवातीलाच, गवत अर्धे ओले असताना, थोडेथोडे जाळून टाकावे हे गावकऱ्यांचे जुने शहाणपण साहेबांनी नवे तंत्र म्हणून स्वीकारले. आपल्याकडच्या ‘जाळरेषा’ हा त्याचाच एक प्रकार : आगीला वाट तोडण्यासाठी ठरावीक रुंदीचा पट्टा आधीच कापून, जाळून ठेवायचा.

आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाकडे. सालारजंगच्या सुधारणांपासून हैदराबाद संस्थानातही जंगलखाते होते, पण त्याचे लक्ष तेलंगणातल्या सागाकडे. भीर जिल्ह्याच्या, गॅझेटियरात आमचे नाव असेच आहे, उघड्या टेकड्यांत त्याला काय मिळणार? इथे प्रश्न चराईचा आणि गायरानांचा होता. त्या गॅझेटियरांतून आणि शिरगणत्यांतून एक मात्र कळते : १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. १८९९-१९०० च्या दुष्काळाचा तो हिशेब. माणसांची गणती झाली, जनावरांचीही कुठे कुठे झाली. त्यानंतरच्या चांगल्या पावसाच्या साली किती डोंगर जळाले याची गणती करण्याचे कुणालाच कारण नव्हते. दुष्काळाचे कागद असतात. दुष्काळ संपल्याच्या सालाचे नसतात. सरकारी नजर तोवर दुसरीकडे वळलेली असते.

* * *

आता मोजणी होते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना देते. २०१७ पासून त्यात अधिक बारीक नजरेच्या उपकरणाची भर पडली, जे पावणेचारशे मीटरच्या चौकोनातला जाळ ओळखू शकते. देशभराचे आकडे पाहिले तर नोव्हेंबर २०१९ ते जून २०२० या मोसमात १,२४,४७३ आगी टिपल्या गेल्या आणि पुढच्याच मोसमात ३,४५,९८९. एकच वणवा अनेकदा टिपला जातो, म्हणून हे आकडे वणव्यांचे नाहीत, जाळाच्या खुणांचे आहेत. आणि देशभराच्या चढउतारामागे कारणेही देशभराची असतात. पण आमच्यापुरते बोलायचे तर २०२० चा पावसाळा मराठवाड्यात सरासरीपेक्षा भरपूर जास्त झाला होता. २०२१ च्या उन्हाळ्यात मी गावी होतो. रात्री गच्चीवरून मांजरसुंब्याच्या दिशेला डोंगराच्या कडेने सरकणारी तांबडी रेघ मी सलग तीन रात्री पाहिली आहे. उलट २०१६ च्या उन्हाळ्यात, जेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होते, मराठवाड्यात सलग दोन वर्षे सरासरीच्या चाळीस टक्के पाऊस कमी झाला होता, तेव्हा डोंगर काळे नव्हते. उघडे होते. जळायला काही नव्हते.

मग या गोष्टीचा आज उपयोग काय, असे वाचक विचारील. माझ्या मते मोठा आहे. दुष्काळ जाहीर झाला की टंचाई आराखडे होतात, टँकर लागतात, छावण्या उघडतात. २०१९ मध्ये राज्यात सर्वांत जास्त चारा छावण्या आमच्या जिल्ह्यात होत्या. चांगल्या पावसाच्या साली मात्र सगळे सुटकेचा श्वास टाकतात. नेमक्या त्याच वर्षी, दिवाळी झाल्याबरोबर, जाळरेषा काढायला हव्यात. गवत कापून ठेवायला हवे, कारण तोच पुढच्या टंचाईचा चारा.

आणि कापणार कोण, हा खरा पेच आहे. दसरा-दिवाळीला आमच्या भागातली गावे ऊसतोडीला निघतात. टोळ्या, ट्रॅक्टर, लेकराबाळांसह. कारखान्यांचे बॉयलर पेटतात ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. वणव्याचा हंगाम फेब्रुवारी ते मे. म्हणजे डोंगर पेटतो तेव्हा तो विझवू शकणारे हातपाय सांगली-कोल्हापूरच्या फडात असतात. गावात म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली शाळकरी नातवंडे. १९७४ च्या रात्री आजीच्या म्हणण्याप्रमाणे साठसत्तर माणसे हिरव्या डहाळ्या घेऊन डोंगराला भिडली होती. २०२१ ला मी मोजली, नऊ होती. त्यात मी धरून तिघे साठीच्या आसपासचे. वनखात्याची माणसे हवा फेकणारे यंत्र घेऊन आली, चांगले काम केले, पण त्यांच्या वाट्याला डोंगर किती आणि ती माणसे किती.

शिवाय जनावरे. बहात्तरने ती दोन वर्षांसाठी नेली होती; ट्रॅक्टरने ती कायमची नेली. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातच देशी गोवंश घटलेला दिसतो. बैल गेले, त्यांच्याबरोबर चरणारे तोंड गेले, आणि बालाघाटाचा डोंगर आता प्रत्येक चांगल्या साली चौऱ्याहत्तरसारखा मढलेला राहतो. झाडे लावणाऱ्यांना हे विशेष कळायला हवे. बीडजवळ पालवणच्या उजाड टेकडीवर सयाजी शिंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सह्याद्री देवराई’ उभी केली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिले गेले. कल्पना सुंदर, काम त्याहून सुंदर. पुढे त्याच देवराईतली झाडे आगीत होरपळल्याची बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते खळ्यावरचे कणसांचे ढीग. चराई बंद केलेल्या टेकडीवर रोपाभोवती गवत वाढते. ते रोपाला दवही देते आणि जाळही. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागणाऱ्या नायगावच्या मयूर अभयारण्यातही, जे १९९४ पासून आहे, उन्हाळ्यात खरी राखण मोरांची नव्हे, गवताची करावी लागते.

* * *

राहिला आमच्या घराचा आरोप.

नाना २०१७ साली गेले. त्यांच्या शेवटच्या वर्षात मी पासबुकाची गोष्ट त्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “चौऱ्याहत्तरच. ज्वारी काढून झाली व्हती. म्या धसकटं वेचून बांधाच्या कडंला पेटवली. वारं नव्हतं. जेवायला बसलो आन् वारं सुटलं.” त्या वेळी ते एकोणीस वर्षांचे होते. आबांना त्यांनी कधीच सांगितले नाही. आबांना माहीत होते का? मला वाटते, असावे. नाहीतर दुसऱ्याच दिवशी सकाळी इतक्या घाईने धनगराचे नाव कशाला आले असते.

त्या वाड्यातली मंडळी नगरकडून यायची. आमच्या रानात मेंढरे बसवायची, लेंड्यांच्या खताच्या बदल्यात धान्य न्यायची. दोन पिढ्यांचा व्यवहार होता. आरोप असा होता की नवे कोवळे गवत फुटावे म्हणून त्यांनी डोंगर पेटवला. ऐकायला पटण्यासारखे. पण माघात जाळलेल्या डोंगराला आमच्याकडे मृगापर्यंत कोंब फुटत नाही, कारण मातीत ओल नसते. आणि फुटते ती बहुतेक कुसळी, जिच्यापासून मेंढपाळ मेंढरू चार हात लांब ठेवतो. हे आमच्या आबांना, जन्म शेतीत गेलेल्या माणसाला, ठाऊक नसेल असे मी म्हणू शकत नाही.

गेल्या वर्षी त्या घराण्यातला एक माणूस शोधून काढला. माझ्याच वयाचा. १९७४ मध्ये तो त्या वाड्यात होता, घोड्यावर बांधलेल्या खाटेत. मी त्याला सगळे सांगितले, नानांचे बोलणेसुद्धा. त्याने ऐकून घेतले, चहा मागवला. रागावला नाही, मला ते जास्त जड गेले. मी विचारले, त्या साली तुमच्या वाड्यात मेंढरे किती होती? तो बोटे मोडत बसला, मग आपल्या आईला आत जाऊन विचारून आला.

“आई म्हणती, दुष्काळाच्या आधी तीनशेच्या वर व्हती,” तो म्हणाला. “त्या साली तुमच्याकडं आलो तव्हा अकरा राहिली व्हती. आम्ही काय चारायला आलो नव्हतो, सर. गेल्या वर्सीची बाकी ज्वारी मागाया आलो व्हतो.”